माझं 'इथून' हरवलं

मित्रांनो, मी एक जुना दुवा आहे. संगणकातल्या एका फोल्डरात पडून असतो. माझ्या पोटात फाईल नाही, नुसता पत्ता आहे: 'इथून एक फोल्डर वर जा, मग शेजारच्या फोल्डरात शिरा.' मला उघडलं की तिथली खरी फाईल उघडते. एवढंच माझं काम, आणि आता त्याचाही शीण येतो.

मला घडवलं चाचणी करणाऱ्या ताईंनी. फाईल हलवायची नवी कमांड तयार होत होती. तिने दुवा उचलावा, त्यामागच्या खऱ्या फाईलला हात लावू नये, हे त्यांना तपासायचं होतं. त्यापायी मला या फोल्डरातून त्या फोल्डरात इतकं नाचवलं, की जीव मेटाकुटीला आला. फोल्डर सगळे एकाच रांगेतले, म्हणून माझा पत्ता तेवढा टिकला.

घाईघाईत ताईंनी मला खोट्या फाईलऐवजी घरच्याच एका फाईलचा पत्ता दिला होता. त्यांच्या लेकीचे पहिले बोबडे बोल होते त्यात. दुसरीकडे कुठेही ठेवलेले नव्हते.

एका दुपारी मला दुसऱ्या डिस्कवर हलवलं. असं हलवताना कमांड नव्या जागी नक्कल करते आणि जुन्या जागेवरची वस्तू पुसून टाकते. ताईंनी मला उघडलं, तर काहीच नाही! त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे, माझ्या पोरीचा आवाज होता रे त्यात!"

कमांड लिहिणारा धावत आला. "ताई, दुव्याऐवजी फाईलच पुसली की काय?"

नाही हो! फक्त माझं 'इथून' बदललं होतं; नव्या डिस्कवर माझ्या शेजारी तो फोल्डरच नव्हता. पण मला तोंड कुठे आहे सांगायला?

ताईंनी जुन्या डिस्कवरचा फाईलचा फोल्डर उघडला. फाईल तिथेच होती. "आई, पापी," असा आवाज खोलीभर घुमला. ताई रडता रडता हसल्या.

"म्हणजे दुवाच हलला, फाईल नाही. चाचणी पास!" तो ओरडला. माझं तुटणं हाच कमांड बरोबर असल्याचा पुरावा ठरला. सगळ्यांनी कमांडला दुवा दिला. दुव्याला कोण देणार?

तेव्हापासून मी इथेच, तुटलेला दुवा दाखवणाऱ्या लाल अक्षरांत पडून आहे. मित्रांनो, कुणाला जागेवरून हलवलंत, तर त्याचा पत्ताही नीट करून द्या. ती पोर अजून तिथे आईला हाक मारत असेल. मी मात्र अजूनही इथून एक फोल्डर वर जातो, शेजारी डोकावतो, आणि तिथे कुणीच नसतं.