साहेबांची दुसरी चूक

वाफबाईचा बॉयलर चालवायचा परवाना एकतीस तारखेला संपणार होता. तीन वर्षं बॉयलरवर हात पडला नाही, की तो आपोआप रद्द, असा या नव्या देशाचा नियम. आणि हात पडायला आधी नोकरी हवी! अठरा वर्षं बॉयलर सांभाळलेली ही इंजिनिअर बाई गोदामात खोकी बंद करत होती, आणि चिकटपट्टी कशी लावायची हे तिथला मुकादम तिला रोज नव्याने शिकवत होता. "आज नोकरी घेऊनच ये," सकाळी निघताना नवरा म्हणाला, "घरातला कुकर तुझ्या नजरेला घाबरायला लागलाय."

मुलाखतीच्या खोलीत तिघं होती. मधोमध पांढऱ्या केसांचे मुख्य इंजिनिअर, दोन्ही बाजूंना त्यांच्या हाताखालची एक बाई आणि एक चष्मेवाला. "मला नावानेच हाक मारा," मुख्य इंजिनिअर हसून म्हणाले. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने? तिच्या तोंडून 'साहेब'च निघालं, आणि त्या बाईने लगेच कागदावर काहीतरी टिपलं.

साहेबांनी फळ्यावर बॉयलर काढला. "पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी दिसेनासं झालं, की आम्ही ताबडतोब पंप लावून आत पाणी सोडतो. ठीक?"

तापून लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी? छपरासकट सगळं उडेल. आधी आग बंद, हे तिच्याकडचा नवशिका कामगारसुद्धा झोपेत सांगेल. शिवाय चित्रातही एक भयंकर घोळ होता. पण साहेबांच्या दोन्ही बाजूंना त्यांच्याच हाताखालची माणसं बसलेली. ती जिथे घडली तिथे साहेबाची चूक चारचौघांत काढत नसत. चहाच्या वेळी एकटं गाठायचं आणि "साहेब, जरा हे बघता का?" म्हणायचं. साहेब बघतो, दुरुस्त करतो, दोघांचाही मान राहतो. असे तीन साहेब तिने सांभाळले होते आणि बॉयलर एकही फुटला नव्हता. तिने ऐकतेय अशा अर्थाने मान हलवली. चष्मेवाल्याने कागदावर फुली मारली.

मुलाखत संपल्यावर साहेब तिला सोडायला दाराबाहेर आले. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"साहेब, राग मानू नका. पाणी गेलं की आधी आग बंद करायला हवी. पंप नाही."

"मला ठाऊक आहे. मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. तुम्ही बोलता का, ते बघायचं होतं. धोका दिसूनही जो गप्प बसतो, त्याच्या हाती मी बॉयलर देत नाही."

तिचं डोकं सणकलं. "धोका? तिथे आग कुठे होती? फळा होता! खरा बॉयलर असता तर तुम्हाला ढकलून आग बंद केली असती, माफी मग मागितली असती. इथे फुटणार होती ती तुमची अब्रू. तीच वाचवत बसले मी!"

"पुढच्या वेळी धीटपणे बोला," साहेब समजुतीने म्हणाले.

पुढची वेळ कुठून आणायची? फसवून तिची रीत तपासली, आणि वर तिला भित्री ठरवलं.

"मग दुसरी चूकही मुद्दामच केलीत?"

"कुठली दुसरी?"

साहेबांना खरंच ठाऊक नव्हतं. ती तडक आत गेली आणि त्या दोघांच्या देखत तिने फळ्यावर बोट आपटलं.

"सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली तुम्ही बंद करायचा व्हॉल्व्ह दाखवलाय. तो कुणी फिरवला तर वाफ कुठून बाहेर पडणार? चारचौघांत बोलायचं होतं ना? घ्या, बोलले!"

साहेबांचे कान लाल झाले. बाई खिडकीबाहेर बघू लागली. चष्मेवाल्याने वही झाकायला हात पुढे केला, पण तिला दिसायचं ते दिसलं. त्याने तेच चित्र उतरवून घेतलं होतं आणि तो व्हॉल्व्ह गुपचूप गाळला होता.

"इथला बॉयलर कोण बघतं?" तिने विचारलं.

"मी," चष्मेवाला पुटपुटला. "नऊ वर्षं."

"मग यांच्या हाती कसा दिलात साहेब?"

"आम्ही कळवू," साहेब म्हणाले आणि फळा पुसू लागले.

चौथ्या दिवशी नकाराचं पत्र आलं. कारण एका ओळीत होतं: धोका दिसूनही उमेदवार गप्प बसतात. खाली साहेबांची सही होती, आणि शेजारी चष्मेवाल्याची.