पुण्यपात्रातला फेस

रविवार उजाडला की पारोळ्याच्या अलीकडे, धुळे रस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडकडे बाटल्यांची रीघ लागे. कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या पिशवीत खोकल्याच्या औषधाची रिकामी शिशी. एका आजोबांनी तर लोणच्याची बरणी आणली होती. आत काय होतं ते सांगायला लाजायचं कारण नाही. सकाळची पहिली लघवी. निर्मळनाथ महाराजांना हार-नारळ चालत नसत, त्यांना तेवढीच लागायची.

शेडमध्ये चौरंगावर दोन भांडी होती. डावीकडे पितळी कळशी, ती ‘पापपात्र’. उजवीकडे तांब्याचा घडा, तो ‘पुण्यपात्र’. प्रत्येकात एक लहानशी रवी. नवा रोगी आला की त्याची बाटली पापपात्रात रिकामी करायची आणि महाराज स्वतः रवी फिरवायचे. भराभर फेस वर येई. मग महाराजांचा आवाज चढे.

“रोग मतलब क्या? शरीराचा कचरा! तो दिसतो कुठं? फेसात! साप डसला, तोंडाला फेस. समुद्र खवळला, लाटेला फेस. पाप उसळलं, लघवीला फेस! डॉक्टर तुम्हाला कागद दाखवतो. त्यावर काय लिहितो? क्रिएटिनिन! अरे, पाहिलंय का कुणी क्रिएटिनिन? शिंगं असतात त्याला? शेपूट असते? मी कागद दाखवत नाही भाईलोग, डोळ्यांना दाखवतो!”

किडनीवाले येत, थायरॉईडवाले येत, सांधे सुजून बोटं वाकडी झालेल्या बायका येत. सगळ्यांना औषध एकच. एकवीस दिवस राखाडी पुडी आणि प्रसादाची केळी, रोज चार. एकविसाव्या दिवशी पुन्हा बाटली आणायची, ती पुण्यपात्रात. तिथे रवी कितीही फिरवा, फेसाचा टिपूस दिसायचा नाही. पहिल्या खेपेला कुणी पास झालं नव्हतं आणि दुसऱ्या खेपेला कुणी नापास झालं नव्हतं. या निकालाचं कुणालाच नवल वाटलं नाही, याचं मात्र नवल करावं तेवढं थोडं.

त्या रविवारी प्रमिलाबाईंची दुसरी खेप होती. वय बावन्न, सहा वर्षांपासून किडनीचा आजार. त्यांनी श्वास रोखून पाहिलं. रवी फिरली, थांबली. घड्यात नुसतं पिवळं पाणी डुचमळत होतं. महाराजांच्या शेजारी उभ्या असलेल्या तोतारामभाऊंनी घडा तिरका करून गर्दीला दाखवला आणि म्हणाले, “प्रमिला सुटनी रे भो!” जयजयकार झाला. प्रमिलाबाईंना हुंदका आवरेना.

त्यांचा विश्वास महाराजांमुळे बसलाच नव्हता, तो बसला होता तोतारामभाऊंमुळे. तोताराम म्हणजे गावातल्या जुन्या दवाखान्याचे कंपाउंडर. डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं, पण तीस वर्षं गावाची नाडी पाहिलेला हा माणूस लोकांच्या लेखी अर्धा डॉक्टरच होता. प्रमिलाबाईंच्या दीपकला लहानपणी कावीळ झाली तेव्हा रोज सायकल हाणत घरी येऊन सलाईन लावणारे तेच. अशा माणसाने ओट्यावर बसून चहा घेता घेता सांगितलं होतं, “मी तीस वर्सं दवाखानामा काढात. खोटं ऱ्हातं तर मी तठे उभा ऱ्हातू का?”

“आनि भाऊ, डॉक्टरन्या गोळ्या?” प्रमिलाबाईंनी विचारलं होतं.

“बंद कर. मी सांगस ना.”

नवऱ्याला, अभिमनला, ते पटलं नव्हतं. “डॉक्टरीणबाईले इचारी तरी लेऊत,” तो म्हणाला. प्रमिलाबाई उसळल्या. “तोतारामभाऊ माले पंचवीस वर्सांपासून वळखतस. डॉक्टरीणबाई माले काय वळखस?” अभिमनने विषय सोडला. त्याच्या बायकोला मीठ बंद, डाळ मोजून, आणि केळीच्या खान्देशात राहून केळं बंद. सहा वर्षं तिने ते निमूट सोसलं होतं. एकवीस दिवसांत सुटका होत असेल तर नको म्हणायला त्याचीही जीभ रेटेना.

तिसऱ्या महिन्यात प्रमिलाबाईंच्या पायांत चप्पल जाईना. मग चेहरा सुजला, अन्नावरची वासना गेली, चार पावलं चाललं की धाप. तोतारामभाऊ म्हणाले, “विष बाहेर निघी ऱ्हायनं. घाबरू नको.” एका सकाळी न्हाणीच्या दारात त्या कोसळल्या, तेव्हा अभिमनने कुणालाही न विचारता गाडी केली आणि धुळ्याला नेलं.

प्रमिलाबाईंच्या डॉक्टरीणबाई म्हणजे डॉ. ज्योत्स्ना वळवी, सातपुड्यातल्या, धडगावकडच्या. बोलायला कमी. त्यांनी रिपोर्ट दोनदा पाहिला. क्रिएटिनिन अडीचवरून साडेआठवर गेलं होतं. रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदय कधीही थांबलं असतं. त्याच दिवशी मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. दोन दिवसांनी प्रमिलाबाई उठून बसल्या तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची ओढली.

“गोळ्या कधीपासून बंद आहेत?”

“तीन महिना.”

“तुमच्या आजारात शरीराचे राखणदारच किडनीवर उलटतात. त्यांना आवरायला त्या गोळ्या होत्या. त्या अशा एकदम सोडायच्या नाहीत, हे मी दर खेपेला सांगत होते. आणि केळी?”

“रोज चार. परसादनी.”

“पोटॅशियम त्यातूनच वाढलं,” डॉक्टर म्हणाल्या. प्रमिलाबाई मात्र हट्टाने म्हणाल्या, “पन मना फेस ते गया व्हता, डॉक्टर! मी मना डोयास्नी देखं!”

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी नर्सकडून त्या सकाळचा नमुना मागवला, बाटली हलवली. बोटभर फेस आला. “इथे तर येतो आहे,” त्या म्हणाल्या. “तिथे का आला नाही, मला माहीत नाही. पण फेस हे काही मोजमाप नव्हे. जोरात घुसळली तर माझ्याही लघवीला थोडा येईल. आता हे पाहा.”

त्यांनी थोडी लघवी काचेच्या नळीत घेतली आणि नळीचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरला. पिवळं पाणी हळूहळू दुधासारखं पांढरं झालं. वर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले तरी पांढरं ते पांढरंच राहिलं. “साधे क्षार असते तर व्हिनेगरने विरघळले असते. अंडं उकडलं की आतलं पाणी पांढरं घट्ट होतं ना, तसंच हे. तुमच्या रक्तातलं प्रथिन किडनीतून गळतंय. फेस घालवता येतो, हे मात्र लपत नाही. यात नवीन काही नाही, प्रमिलाबाई. यंत्रं नव्हती तेव्हा गावोगावच्या दवाखान्यांत कंपाउंडर मंडळी रोज हेच करायची.”

प्रमिलाबाईंनी विचारलं, “बठ्ठा कंपाउंडर?”

“लघवी तपासणारा प्रत्येक जण.”

जुन्या दवाखान्यातला हिरवा पडदा त्यांना लख्ख आठवला. पडद्यामागे निळी ज्योत, आणि नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून उभे तोतारामभाऊ. गरोदर बायका बाकड्यावर रांगेने बसलेल्या असायच्या, त्यांत दीपकच्या वेळी प्रमिलाबाईही होत्या. म्हणजे या माणसाला येत होतं. एका दिव्यात आणि दोन मिनिटांत खरं काय ते त्याला कळलं असतं. कळलं असतं कसलं, कळतच होतं. तरी तो घडा तिरका करून दाखवत होता. प्रमिलाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, धुळ्याची वारी ठरली. चार चार तास मशीनला जखडून पडायचं. पडल्या पडल्या डोक्यात एकच भुंगा. मग पुण्यपात्रात फेस का आला नाही?

उत्तर बाहेरून आलं नाही, त्यांच्याच हातांत होतं. माहेरी चाळीसगावकडे बापाचं गुऱ्हाळ. उसाचा रस उकळून उसळायला लागला, फेस कढईच्या काठाबाहेर यायला लागला की लहानगी प्रमिला एरंडेलाचे चार थेंब सोडायची आणि डोंगराएवढा फेस बघता बघता खाली बसायचा. दहा वर्षं तिने ते काम केलं होतं. त्याच बाईला घड्यातला बसलेला फेस देवाची करणी वाटावी? तोतारामने फसवलं ते फसवलंच, पण आपणही आपल्याला फसवलं. बरं व्हायची घाई इतकी होती की स्वतःचे हात विसरलो. या विचाराने त्या मशीनवर पडल्या पडल्या रडल्या, आणि मग रडणं थांबवून त्यांनी रविवारची वाट पाहिली.

शेडमध्ये झाडलोट, भांडी, सडा-रांगोळी अशी सेवा बायका आळीपाळीने करत. प्रमिलाबाई पहाटेच गेल्या. आजारी बाई सेवेला आली म्हणून सगळ्यांना कौतुक. तोतारामभाऊ नाक्यावर चहाला गेले तसा त्यांनी तांब्याचा घडा उचलला आणि आत बोट फिरवलं. बोट बुळबुळीत झालं. नाकाशी नेलं. एरंडेलच, माहेरचा वास. त्यांनी पांढऱ्या फडक्याने घडा आतून पुसून घेतला, फडकं पदरात बांधलं. मग राख आणि चिंच घेऊन घडा घासला, रवी घासली, चार पाण्यांनी धुतली. गेल्या तीन महिन्यांत इतक्या मनापासून त्यांनी दुसरी कुठली सेवा केली नव्हती.

दहाला गर्दी भरली. एकविसाव्या दिवशीचे अकरा जण होते. पहिली पुनम, वीस वर्षांची, थायरॉईडची. महाराजांनी तिची बाटली घड्यात ओतली, रवी फिरवली. फेस आला.

महाराज थबकले. “ह्या पोरीनं पुडी चुकवली!”

“नही बा, एक दिन बी नही,” पुनम म्हणाली.

दुसऱ्याचा फेस आला, तिसऱ्याचा आला. लोणच्याच्या बरणीवाल्या आजोबांचा तर घड्याबाहेर सांडला. महाराज म्हणाले, आज ग्रहमान वाईट आहे. मग म्हणाले, गर्दीत कुणीतरी विटाळ केला आहे. पाचव्या बाटलीला ते नुसते तोतारामकडे पाहत राहिले. तोताराम घड्याकडे पाहत होते.

प्रमिलाबाई पुढे आल्या. पदरातलं फडकं सोडून त्यांनी पुनमच्या हातात दिलं. “वास ले.”

“एरंडेल!” पुनम म्हणाली.

“हाऊ घडा मी आज राखथीन घासेल शे. म्हनीसन फेस उना.” त्यांनी कमरेची एरंडेलाची बारीक शिशी काढली आणि दोन थेंब घड्यात सोडले, रवी फिरवली. फेस खाली बसला. “आते बठ्ठा बरा व्हयनात का?”

मग कुणीतरी शिवी हासडली, कुणीतरी पोलिसांना फोन लावला. आजोबा बरणी उगारून चौरंगाकडे निघाले. महाराजांनी “भाईलोग, भाईलोग” म्हणत मागच्या दाराकडे काढता पाय घेतला, पण तिथे अभिमन कडी लावून उभा होता.

प्रमिलाबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी पिशवीतून स्पिरिटचा दिवा, व्हिनेगर, काचेची नळी आणि आपल्या लघवीची बाटली काढली आणि तोतारामसमोर ठेवली. “भाऊ, मनी लघवी उकळीसन दखाडा. तुम्हले येस.”

तोतारामांनी नळीला हात लावला नाही. म्हणाले ते फार हळू म्हणाले. “प्रमिला, तुना रोग बरा व्हनारच नव्हता. डॉक्टर बी बरा करनार नव्हती. लोकेस्ले जरासं समाधान भेटस. त्यामा काय बिघडस?”

“बरा व्हनार नव्हता, भाऊ. पन सांभाळता येत व्हता. डॉक्टरनी माले सांगेल व्हतं, नीट ऱ्हायनी ते धा वर्सं मशीन लागाव नही. त्या धा वर्सं तुम्हीन हिसकाई लिधात.” त्यांनी नळी तोतारामसमोर आणखी पुढे सरकवली. “माले महाराजना राग नही. त्याले मी वळखत नव्हती. तुम्हले वळखत व्हती.”

तोताराम खाली बसले. त्यांना कुणी हात लावला नाही, उठवलंही नाही.

मग दिवा प्रमिलाबाईंनीच पेटवला. नळी ज्योतीवर धरली आणि आतलं पाणी पांढरं होईपर्यंत सगळ्यांना बघू दिलं. काय होतं, का होतं, ते डॉक्टरांनी सांगितलं तसं सांगितलं. पुनमने घाबरत विचारलं, “काकी, मी थायरॉईडनी गोळी एकवीस दिनपासून बंद करेल शे. आते?”

“उद्या सकायले डॉक्टरकडे जाय. लपाडू नको, बठ्ठं सांग. रागावनी ते रागाऊ दे.” मग त्या गर्दीकडे वळल्या. “तुम्ही बी आयका. जो बाबा म्हनस गोळ्या बंद करा, त्याले इचारा, का? आनि आपला मानूस सांगी ऱ्हायना म्हनीसन इचारानं सोडू नका. मी तठेच चुकनू. मी दर मंगळवारे आनि शुक्रवारे धुयाले मशीनवर ऱ्हास. मना बाजूनी खाट रिकामी शे. भेटाले या, चहा पाजसू. पन त्या खाटवर येऊ नका.”