मागे कुणी राहिलं का

प्रज्ञेशने मला ओळखलंसुद्धा नाही, याचाच मला जास्त राग आला. दोन पावसाळ्यांपूर्वी पोलीस चौकीत मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो आणि त्याने तोंड वर करून सांगितलं होतं, की घळीकडे ते तिघे मित्रच गेले होते, वाटाड्या कुणी नव्हताच. त्याचा पडलेला ड्रोन काढायला तोच वाटाड्या, माझा भाऊ सत्यम, खाली उतरला होता आणि ही माणसं त्याला तिथंच टाकून घरी निघून गेली होती. त्याचा देह चार दिवसांनी सापडला. आई अजून विचारते, "मग माजा सत्यम गेलता कुनासंगं?" प्रज्ञेशच्या तोंडून एवढं एक उत्तर मला हवं होतं.

म्हणून त्याला आणि त्याची बायको अपेक्षा हिला दिवसभर मावळ दाखवायची वर्दी मी मुद्दाम मागून घेतली. गाडी म्हणजे कॅम्पर, आत झोपायची बाकडी आणि गॅसचा ओटा. कार्ल्यापर्यंत साहेबांची साहेबी चालू होती, एसी वाढव, गाणं बदल. जळो ती साहेबी, म्हटलं मनात.

पवनानगरला टपरीवर मी तीन चहा सांगितले, तर अंबूबाईंनी दोनच ठेवले. तिसरा मागितला तेव्हा म्हणाल्या, "कुनाला रं?" प्रज्ञेश त्यांच्या पुढ्यातच उभा होता. मावशींचं वय झालंय म्हणून तो हसला, मीही हसलो.

पुढे धरणाकाठी त्याने अपेक्षाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिने मोबाइलवर फोटो काढला. फोटो बघून ती म्हणाली, एकटीचा छान आलाय. थट्टा असेल असं आम्हाला वाटलं. मग जेवायला तिने एकच ताट वाढून घेतलं. तो चिडला, तिच्या तोंडासमोर हात हलवू लागला, ती मात्र खिडकीतून पाणी बघत शांतपणे जेवत होती. हे काय चाललंय ते मला कळत नव्हतं, आणि खरं सांगतो, कळून घ्यायचंही नव्हतं. कितीतरी दिवसांनी काळजाला गार वाटत होतं.

लायन्स पॉईंटला ऊन उतरायला लागलं होतं. गर्दीतल्या एकेकाला तो दंडाला धरून हलवत होता आणि माणसं वाऱ्याने उडालेला शर्ट सारखा करावा तशी बाही नीट करून पुढे जात होती. शेवटी तो धावत माझ्याकडे आला. मी बघतोय हे पाहून त्याला रडूच फुटलं.

"भाऊ, तुम्हाला दिसतोय ना मी? तिला सांगा, मी इथे आहे."

"सत्यम होता का तुमच्याबरोबर?" मी विचारलं.

त्याने पहिल्यांदा माझा चेहरा नीट पाहिला.

"होता," तो म्हणाला. "हाका मारत होता. आम्हाला ऐकू येत होत्या."

मला हवं ते मिळालं होतं. मी स्टेअरिंगवर बसलो आणि सवयीने विचारलं, मागे कुणी राहिलं का. गाडीत चढता चढता अपेक्षा घुटमळली.

"माझ्याबरोबर अजून कुणी होतं का हो?"

"न्हाई, मॅडम," मी म्हणालो आणि गियर टाकला. काचेवर त्याचे हात आपटत होते. वळणापर्यंत ते ऐकू आले, मग थांबले.

घरी आल्या आल्या मी आईच्या पुढ्यात बसलो आणि सांगितलं, त्याने कबूल केलं, सत्यम प्रज्ञेशबरोबरच गेला होता.

"कोन परग्नेश?" आईने विचारलं.

दोन वर्षं रोज सकाळी त्याच नावाने बोटं मोडणारी माझी आई पुन्हा तेच विचारू लागली, "मग माजा सत्यम गेलता कुनासंगं?"