उशाशी ठेवलेला पेला

"तीस वर्षं जगाच्या पाठी टेकवल्या, आणि माझ्या घरात एक खुर्ची धड नाही," हे माझ्या कानाशीच पुटपुटले. मी त्यांच्या कमरेमागे उशी सारत होते.

"खुर्ची धड आहे. बसणाऱ्याचं बघा," मी म्हटलं.

हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

हे जुने सोफे नव्यानं मढवतात. पुढची खोली म्हणजेच कारखाना: उघडे लाकडी सांगाडे, स्प्रिंगा, फोमचे तुकडे, आणि सगळ्यावर बारीक धूळ. पंधरा दिवसांपूर्वी तिघांच्या बैठकीचा सोफा एकट्यानं उचलला आणि कंबर गेली. डॉक्टरचं नाव काढलं की यांचं ठरलेलं, "माझ्या थोरल्या भावानं दाखवली होती ना कंबर? ऑपरेशनला गेला तो पुन्हा पायावर उभा राहिला नाही." मग दवाखान्याऐवजी मोबाइल. तोही घरात धड चालणारा एकच.

सुरुवातीला मी मिळेल ते वाचलं. एक म्हणे आडवे पडून राहा, दुसरा म्हणे दाराला लोंबकळा. एका गोड बोलणाऱ्या बाईनं आठ दिवसांत गुण म्हणून पट्टा गळ्यात मारला. त्या पट्ट्यानं आता फोमची गुंडाळी बांधलीय. तेव्हा कुठे अक्कल आली. पान उघडलं की आधी तळाशी जायचं. तिथे तेलाची बाटली, पट्टा नाहीतर उशी दिसली की आपला रामराम. नसेल, तर कुणी लिहिलंय, कधी तपासलंय ते बघायचं. माझी शाळा सातवीत सुटली, पण विकणाऱ्याचा सूर ओळखायला सातवी पुरते.

त्या दुपारी लेक कामावरून जेवायला आली होती. जेवता जेवताच तिनं फोन ओढला.

"आई, हे बघ. मोठ्या सरकारी रुग्णालयाचं पान. काही विकत नाहीत, डॉक्टरांची नावं आहेत, यंदाच तपासलंय." मग ती थबकली. "पण ही ओळ जांभळी कशी? आधी उघडलेलं असलं तरच होते. तू वाचलंस?"

"नाही गं."

आम्ही दोघींनी यांच्याकडे पाहिलं. हे बोटाला दोरा गुंडाळत होते.

"वाच की," हे म्हणाले. "चांगलं लिहिलंय."

चांगलंच होतं. बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत आपोआप सुधारते. अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं हिंडाफिरा.

"बघा! मी काय सांगत होतो? उगाच घर डोक्यावर घेतलंत."

लेक पुढे वाचू लागली. "पण खालीलपैकी काहीही असेल तर लगेच, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. पायातली ताकद जाणं. बसायच्या जागी बधिरपणा..." तिचा आवाज बारीक झाला. बोट सर्रकन सरकलं. "आणि... ताप वगैरे."

दाराबाहेर दोरीवर चादर वाळत होती. तीन दिवसांतली तिसरी. लेक रोज तिच्याखालून वाकून घरात येते, आणि कधी काही विचारत नाही.

रोज सकाळी हे म्हणायचे, "पेला लवंडला गं, हात लागून." मी म्हणायची, "होतं असं." पेला उशाशी, आणि ओल गादीच्या मधोमध.

"ताप नाही मला," हे म्हणाले. "हे एवढं कुशन होऊ दे, मग बघू." खुर्चीचा हात धरून उठले आणि सांगाड्याकडे निघाले. डावं पाऊल फरशीवर घासत गेलं. चप्पल मागेच राहिली. यांना पत्ताही नव्हता. तीन पावलं तसेच गेले.

लेक ताट तसंच ठेवून चपलेकडे बघत राहिली.

मी चप्पल उचलली, यांच्या पायाशी जाऊन बसले, हातानं पाऊल उचलून चपलेत घातलं. गार होतं.

"अहो, हिनं गाळलेली ओळ तुम्हाला पाठ असेल."

"कुशन झालं की..."

"पेला मी परवा रात्रीपासून भरतच नाही," मी म्हटलं. "रिकामाच ठेवते. तुम्हाला लघवी होते, आणि झालेली कळत नाही."