बारावी चीर

मित्रांनो, मी समोर पडलेला दिसलो तर तुम्ही माझ्याने चष्मा पुसाल, नाहीतर टेबलावर सांडलेला चहा टिपाल. त्यात तुमचा काही दोष नाही. मी लोकरी कापडाचा एक जुना तुकडा आहे. रंग राखाडी, आकार तुमच्या तळहाताहून थोडा मोठा. अंगावर ना नक्षी, ना कुणाचे नाव. पण मला अकरा वेळा फाडलेले, जाळलेले आणि कुरतडलेले आहे, आणि त्यांतली एकही जागा तुम्हाला सापडणार नाही. वाटल्यास भिंग आणून बघा. बारावी चीर मात्र लांबूनही दिसते. ती का दिसते, तेवढेच सांगायला मी बसलो आहे.

गिरणीतून निघालो तेव्हा मी एका लांबलचक ताग्यात होतो. त्या ताग्याचे कोट झाले आणि मी कात्रीच्या पलीकडच्या बाजूला राहिलो. माझी भावंडे कोट होऊन लोकांच्या खांद्यांवर बसली आणि कचेऱ्यांतून मिरवू लागली. मी शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्यांच्या टोपलीत पडून होतो. तेव्हा मी वहीच्या पानाएवढा होतो. तिथून मला रफूकाकांनी उचलले.

काकांना खरे नाव होते, पण ते कुणी वापरत नसे. एका लाँड्रीत शिरल्याशिरल्या डाव्या हाताला खिडकी होती. तिच्यापाशी एक स्टूल, कापड ताणून धरायचा लाकडी गोळा, बारीक सुयांची डबी आणि काका, असा सगळा संसार होता. रफू म्हणजे ठिगळ नव्हे. ठिगळ लावले की कापड फाटले होते हे चारचौघांना कळते. रफू करणारा त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढतो आणि फाटलेल्या जागी एकेक धागा उभा-आडवा विणून घेतो. काम संपले की तोसुद्धा ती जागा विसरतो.

काकांनी मला नमुना म्हणून ठेवले. पहिल्यांदा त्यांनी मला जळत्या सिगारेटने भोक पाडले आणि ते भरून काढले. मग खिळ्याने फाडले. एकदा इस्त्रीने जाळले. एकदा उंदराने कुरतडले, ते मात्र काकांच्या मनात नव्हते. दर वेळी माझ्याच कडेचे धागे काढून माझीच जखम भरली जाई, म्हणून दर जखमेगणिक मी थोडा लहान होत गेलो. मला त्याचे वाईट वाटले नाही. वाईट वाटून घ्यायला कापडाला फारसा वाव नसतो.

ते दिवस बरे होते. एकदा एक गृहस्थ कोट घ्यायला आले आणि भांडायलाच उठले. "हा माझा कोट नाहीच! माझा कोपरावर फाटलेला होता!" लाँड्रीवाले भाऊ त्यांना अर्धा तास समजावत होते. काका खाली मान घालून सुईत दोरा ओवत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. काकांच्या वडिलांनी, जे स्वतः रफूगार होते, त्यांना शिकवले होते की गिऱ्हाइकाने "कुठे हो फाटलं होतं?" असे विचारले की आपले काम झाले, त्यापुढे आपण बोलायचे नाही. काकांनी ही शिकवण फारच मनावर घेतली. बोलायचे नाही म्हणजे ते कुठेच बोलत नसत.

मग लोक फाटलेले कपडे टाकून देऊ लागले. खिडकीपाशी ढीग असायचा, तिथे दोन-चार कपडे राहिले. एके दिवशी भाऊ स्टुलाजवळ येऊन उगाचच खिडकीची कडी हलवत उभे राहिले.

"काका, ते नवीन मशीन घेतोय. ड्रायक्लीनचं. सहा महिन्यांत येईल."

"बरं."

"ते इथंच बसेल. दुसरीकडे जागाच नाही हो."

काका पुन्हा "बरं" म्हणाले. पण त्या दिवशी त्यांच्या हातून सुई दोनदा खाली पडली. रफूला दिवसाचा उजेड लागतो. घरी त्यांची खोली मागच्या बाजूला होती आणि तिची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडत होती. ही जागा गेली की काम गेले, हे त्यांना कळत होते आणि मलाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एक बाई लाँड्रीत आल्या. नाट्यगृहाचा कपडेपट, म्हणजे नाटकातले सगळे पोशाख, त्या सांभाळत होत्या. "आमचा मखमली पडदा धुवून मिळेल का?" त्यांनी विचारले. "चार ठिकाणी फाटलाय. आणि पोशाखांच्या पेट्याच्या पेट्या आहेत, सगळे तसेच, कुठे बाही गेलीय, कुठे गळा. बघवत नाही."

भाऊ दर बघायला आत गेले. समोर काका आणि त्या बाई, दोघेच उरले. मित्रांनो, इतकी चालून आलेली संधी मी पाहिलेली नाही. आणि बाईंनी आपण होऊन विचारले, "तुम्ही काय करता इथे?"

"मी? काही नाही," ते म्हणाले. "बसतो."

मग त्यांनाच ते उत्तर कमी वाटले असावे. त्यांनी घाईघाईने खिशातून मला काढले आणि काही न बोलता बाईंच्या हातात कोंबले. बाईंनी मला उलटून पाहिले, सुलटून पाहिले. अकराच्या अकरा जखमांवरून त्यांची बोटे फिरली. मला वाटले, आता कळेल. पण माझ्यात कळण्यासारखे काही नव्हतेच. तीच तर काकांची करामत होती.

"रुमाल होय?" बाई म्हणाल्या. "नको हो, आहेत माझ्याकडे." त्यांनी मला नीट घडी करून टेबलावर ठेवले, भाऊंकडून दर लिहून घेतले, "विचारून कळवते" म्हणाल्या आणि गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत.

"सांगितलंत ना त्यांना?" भाऊंनी विचारले.

"नमुना दाखवला."

"मग?"

"नको म्हणाल्या."

भाऊंनी कपाळावर हात मारला. त्यांनी चार दिवस मागे लागून काकांना नाट्यगृहाकडे पिटाळले. काका गेले. फाटकाशी रखवालदाराने साधे विचारले, "आपण कोण?" काका म्हणाले, "काही नाही, असंच," आणि परत फिरले. मी खिशात होतो, म्हणून मला हे माहीत आहे. घरी त्यांनी हे कुणाला सांगितले नाही. घरी सांगायला कुणी नव्हतेही.

एक ताई होत्या, काकांच्या थोरल्या बहीण. त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत आणि रविवारी येत. इस्पितळाच्या टेलिफोनवर त्यांनी तीस वर्षे काढली होती. त्यांच्यापुढे काकांना काही लपवता येत नसे. सगळे ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"बाळ्या, लोक फोन करतात आणि म्हणतात, 'हॅलो, मी बोलतोय.' अरे, मी म्हणजे कोण? मागे दहा फोन वाजत असतात. ज्याला दोन वाक्यांत सांगता येतं, त्याचा फोन मी आधी जोडते. चल, सांग. तू कोण आणि तुझ्या हातून काय होतं?"

"मी आपलं रफूचं थोडंफार..."

"थोडंफार काढून टाक."

"मी रफू करतो."

"करतोस काय? तू रफूगार आहेस. पुढे?"

पुढे काकांची गाडी अडली. ताईंनी मला हातात घेतले. "आणि यात काय बघायचं?"

"अकरा ठिकाणी रफू आहे त्यात."

"कुठे?"

"दिसत नाही ना!" काका पहिल्यांदाच खुलून म्हणाले. "तेच तर!"

"हे तुला माहीत. त्या बाईला कुणी सांगायचं? फाटलेलं कुठे होतं हेच दिसलं नाही, तर सांधलेलं कसं दिसेल? एक चीर पाड आणि अर्धीच भर. अर्धी उघडी राहू दे."

काका उठूनच उभे राहिले. "फाटकं दाखवत फिरू? रफूगारानं? आपले वडील काय म्हणाले असते?"

"वडिलांच्या स्टुलापाशी गिऱ्हाइकांची रांग असायची," ताई म्हणाल्या. "तुझ्याकडे रविवारी मी येते."

त्या दिवशी काकांनी चहा तसाच टाकला. आठवडाभर ते मला हातात घेत आणि पुन्हा ठेवून देत. मग एका दुपारी, लाँड्रीत कुणी नसताना, त्यांनी कात्री घेतली आणि माझ्या बरोबर मधोमध बोटभर लांबीची चीर पाडली. ती भरायला घेतली. धाग्यामागे धागा येत गेला. निम्म्यावर आले आणि त्यांचा हात थांबेना. चाळीस वर्षांची सवय होती ती. त्यांनी सुई ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. शेवटी डबीत घालून झाकण लावले आणि डबीवर हात ठेवून बसले. अर्धे काम सोडताना काकांना फार यातना झाल्या. मलाही बरे वाटले नाही. मी कधी उघडा पडलो नव्हतो.

मग सराव सुरू झाला. काका हँगरवरच्या कोटांना आपली ओळख करून देत. आधी पुटपुटत, मग जरा मोठ्याने. भाऊ आतून विचारत, "काका, कोट काय म्हणतो?" काका गप्प होत आणि भाऊंची पाठ वळली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. पण माणूस काही येईना. एक महिना गेला, चार गेले. मशीनवाले येऊन खिडकीची मापे घेऊन गेले. शेवटचा आठवडा उरला, तेव्हा काकांनी सुया एका पाकिटात बांधून ठेवल्या आणि डोळे तपासायला गेले. निदान पेपर तरी वाचता येईल, असे ते भाऊंना म्हणाले.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक लांब बाक होता. नर्सबाईंनी बाकावरच्या सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि बजावले, "अर्धा तास डोळे मिटून बसायचं. उघडायचे नाहीत." सहा माणसे ओळीने डोळे मिटून बसली. डोळे मिटले की लोक बोलू लागतात.

"माझं तर सगळं कामच डोळ्यांचं," काकांच्या शेजारून एक बाई म्हणाल्या. "तुम्ही काय करता?"

मला तो आवाज ओळखीचा वाटला. सांगणार कसे? मी काकांच्या डाव्या खिशात होतो आणि त्यांच्या छातीचे ठोके मला स्पष्ट लागत होते. शेजारी कोण आहे, तरुण की म्हातारी, कामाची की बिनकामाची, काकांना काहीच ठाऊक नव्हते. त्यांचा हात खिशाकडे आला आणि थबकला. 'काही नाही' हे शब्द त्यांच्या तोंडाशी आले असणार. मला तशी भीती वाटली.

"मी रफूगार आहे," काका म्हणाले. "कापड कसंही फाटू दे, त्याच्याच धाग्यांनी मी ते असं भरतो की फाटलं होतं ती जागा सापडत नाही." त्यांनी मला बाहेर काढले. "हात पुढे करा. यात एक चीर आहे, अर्धी उघडी, अर्धी भरलेली. भरलेली शोधून दाखवा."

बाईंनी डोळे मिटूनच मला चाचपले. त्यांचे बोट चिरेत शिरले, तिच्या टोकापर्यंत गेले आणि पुढे सरकले. मागे आले. पुन्हा पुढे गेले.

"इथं संपते की हो."

"नाही. अजून तितकीच आहे पुढे."

"लागत नाहीये," बाई म्हणाल्या. त्यांनी मला शेजारच्याकडे दिले, त्याने पलीकडे. बाकाच्या टोकापर्यंत जाऊन मी परत आलो. कुणालाच सापडली नाही. बाईंनी मला पुन्हा एकदा बोटांनी चाचपले.

"गंमत सांगू?" त्या म्हणाल्या. "मागे एका लाँड्रीत एकानं मला असाच लोकरी रुमाल विकायला काढला होता. भला माणूस होता, पण तोंडातून शब्द निघेना."

काका म्हणाले, "बाई, तो हाच. आणि तो रुमाल नाही."

"अगंबाई!" बाईंनी डोळे उघडले. नर्सबाई ओरडल्या, तसे त्यांनी पुन्हा मिटले. "मग तेव्हा का नाही बोललात? तो पडदा अजून फाटकाच आहे. मी किती ठिकाणी विचारलं!"

"तेव्हा ही चीर नव्हती," काका म्हणाले.

बाई हसल्या. काकांना मात्र आणखी एक गोष्ट विचारायची होती. "तुमच्या कपडेपटाला खिडकी आहे का?"

"तीन आहेत," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, आता मी त्या तिन्हींपैकी पूर्वेकडच्या खिडकीपाशी एका खिळ्याला अडकवलेला असतो. खाली काकांचे स्टूल आहे. मखमली पडदा कुठे फाटला होता, ते आता पडदा ओढणाऱ्यांनाही आठवत नाही. सुट्टीत तुमच्यासारखी मुले नाट्यगृह बघायला येतात. माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी नेहमी विनवते की मला जपा, मला दुरुस्त करा. माझे मागणे उलटे आहे. परवा एका मुलीने दया येऊन माझी चीर पुरी करायला सुई मागितली. काकांनी तिला थांबवले, पण तुम्हा सगळ्यांनाही मीच सांगून ठेवतो. आपण कोण आणि आपल्या हातून काय होते, ही दोन वाक्ये घरून निघतानाच खिशात ठेवा. कोण कधी विचारील, सांगता येत नाही. आणि मला तेवढे शिवू नका.