झाडे सरांच्या हातचं पत्र

“शिफारसपत्रात तुझा एक शब्दही नको, मोहिनी. सर चांगलं लिहोत, वाईट लिहोत, त्यांना लिहू दे. तू हात लावू नको.”

समीक्षाने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी गुंजनच्या वरणभातातले मिरचीचे तुकडे वेचत होते. समीक्षा माझी लॉ कॉलेजातली मैत्रीण, तीन वर्षांपासून जर्मनीत पीएचडी करतेय. मी “हो गं, हो” म्हटलं आणि फोन ठेवून हसले. तिकडे राहून ही इकडचं सगळं विसरली, असं वाटलं मला. आपल्याकडे शिफारसपत्र सर लिहितात कधी? ते आपणच लिहायचं, छापून काढायचं, पाव किलो पेढे घेऊन सरांकडे जायचं. सर चष्मा पुसतात, “छान, छान” म्हणतात आणि खाली सही करतात. मी एलएलएमला असंच केलं होतं, माझ्या आधीच्यांनीही असंच केलं होतं.

जागा बेल्जियममधल्या एका विद्यापीठात होती. कायद्यातली पीएचडी, चार वर्षं, आणि चारही वर्षं पगार. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या आमच्या घरात हे सांगितल्यावर सासूबाईंनी निवडायला घेतलेली मेथी खाली ठेवली.

“शिकाचे पैसे आपण देतो का ते देते?”

“ते देतात, आई. संशोधन करायचा पगार.”

“मंग फसवून राह्यला कोणी तुले. अंकुश, हिच्या मोबाईलमधलं बँकेचं काढून टाक पयले.”

अंकुश, माझा नवरा, सावंगीच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. तो हसला, पण त्याने जाहिरात दोनदा वाचली. मग म्हणाला, “तुझाच विषय आहे ना हा?”

माझाच होता. हक्कसोड. बापाच्या शेतात मुलीचा वाटा असतो, कायदा तसं स्पष्ट म्हणतो. तरी आमच्या भागात बाप गेला की बहिणी एका सकाळी नवीन साड्या नेसून रजिस्ट्री ऑफिसात जातात आणि आपला वाटा भावाच्या नावे सोडून देतात. कोणी जबरदस्ती करत नाही. माहेर उघडं राहावं म्हणून त्या सही करतात. मी चार वर्षं वर्ध्याच्या कोर्टात इला मॅडमच्या हाताखाली ज्युनिअर होते, तेव्हा असे कागद पुष्कळ हाताळले. संशोधनाचा आराखडा मी आठ दिवसांत लिहिला, गुंजनच्या दुपारच्या झोपेच्या वेळात. तो चांगला झाला होता. मला ते लिहितानाच कळत होतं.

पत्रं दोन हवी होती. इला मॅडम म्हणाल्या, “ड्राफ्ट करून पाठव गं, माझी तारीख आहे.” दुसरे अण्णाजी झाडे सर. लॉ कॉलेजात त्यांनी मला मालमत्तेचा कायदा शिकवला. आता निवृत्त होऊन सिंदी रेल्वे या गावी राहतात. काकू गेल्यापासून एकटेच. ते फोनवर म्हणाले, “लिहून आण वं पोरी, मी सही मारतो. चांगलं लंबं लिहिजो.”

मी लंबं लिहिलं. सरांच्या नावाचा ई-मेल मीच उघडला, विद्यापीठाची लिंक मीच भरली, आमच्याच लॅपटॉपवरून. मोहिनी किती कष्टाळू, किती चिकित्सक, किती वक्तशीर. एका मुलीची आई असून किती नेटकी, हेही घातलं.

बरोबर तीन आठवड्यांनी उत्तर आलं. भाषा अतिशय सभ्य होती. आपल्या दोन शिफारसपत्रांत तीन वाक्यं जशीच्या तशी सारखी आहेत. कृपया सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा अर्जाचा विचार करता येणार नाही.

मी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी उघडली. इला मॅडम आणि झाडे सर, जे आयुष्यात एकमेकांना भेटले नाहीत, त्यांनी माझं कौतुक एकाच वाक्यात, एकाच स्वल्पविरामासह केलं होतं.

“योगायोग आहे म्हणून लिही,” अंकुश म्हणाला.

“तीनदा?”

“मग सरांनी मॅडमचं बघून लिहिलं म्हण.”

मी त्याच्याकडे बघितलं. कोर्टात खोटी साक्ष कशी उकलत जाते हे मी चार वर्षं बाजूच्या खुर्चीवरून पाहिलंय. आधी साक्षीदार एक छोटी गोष्ट सांगतो, मग ती सांभाळायला दुसरी. शिवाय यात सरांना ओढायचं? मी तिथेच बसून खरं लिहिलं. दोन्ही पत्रं मी लिहिली. सरांचा ई-मेल मी उघडला. आमच्याकडे तशी पद्धत आहे, पण पद्धत आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही हे मला कळतं. दोघांनाही स्वतः लिहिण्याची एक संधी द्यावी. आणि पाठवायचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी होकार आला. मुदत तीच, उरलेले सहा दिवस. इला मॅडमनी जीभ चावली आणि कोर्टाच्या व्हरांड्यातच दहा मिनिटांत नवं पत्र टाइप केलं. राहिले सर.

गुंजनला सासूबाईंकडे सोपवून मी सकाळची गाडी पकडली. सर पेपर वाचत होते.

“सर, पत्र परत लिहावं लागतंय.”

“मंग लिही ना. पेन देऊ?”

“मी नाही सर. तुम्ही.”

मी सगळं सांगितलं. सरांनी पेपराची घडी घातली, तिची अजून एक घडी घातली.

“म्हंजे चोरी पकडली.”

“हो सर.”

“माह्यी का तुह्यी?”

“दोघांची.”

ते खो खो हसले आणि मग एकदम थांबले. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मी माणसांकडे बघत राहणारी बाई आहे. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

“मोहिनी, मी तीस वर्षं शिकोलं. मराठीत, हिंदीत. पन मले विंग्रजीत चार ओळी सरळ लिहिता येत नाई. तुमी पोरं लिहून आनत होते म्हनून माह्यं झाकून राह्यलं.” त्यांनी चष्मा काढला. “किती पोरं सही घेऊन गेले. एकानंही इचारलं नाई, सर, तुमाले काय वाटते माह्याबद्दल.”

मीही विचारलं नव्हतं. मी फोन काढला. मराठीत हाताने लिहिलेलं पत्र चालेल का, असं विद्यापीठाला विचारलं. तिकडे सकाळचे नऊ वाजले असतील. सरांनी चहा ठेवला, तो उतू गेला, दुसरा ठेवला. दुसरा पिऊन झाल्यावर उत्तर आलं. चालेल, भाषांतर आम्ही करून घेऊ.

सर उठले. कपाटातून फुलस्केप कागद काढले, भिंग काढलं. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय.

“तू भायेर बस.”

“सर, काही तारखा लागल्या तर...”

“भायेर बस म्हनलं ना! परीक्षेत पोराजवळ माय बसते का?”

मी ओसरीवर अडीच तास बसले. घरी तीनदा फोन केला. टाकीचं झाकण लावलंय का, गुंजनने केळं खाल्लं का, गेटची कडी वरची लावली का खालची. तिसऱ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, “तू तिकडं विमानात बसशीन तवा काय करशीन वं?” आतून कागद फाटल्याचा आवाज येत होता. एकदा, मग पुन्हा. खिडकीतून सरांची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. माझ्याबद्दल एवढा विचार करून कोणी काही लिहितंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते वाचता येणार नव्हतं.

चार पानं झाली. सर ती छातीशी धरून बाजारातल्या ओमप्रकाशच्या ऑनलाइन सेंटरवर गेले, मी दहा पावलं मागून. ओमप्रकाशने सरांच्याच मोबाईलवर त्यांचा नवा ई-मेल उघडून दिला.

“ओमप्रकाश, हे वाचाचं नाई.”

“सर, तुमचं अक्षर कोनाले वाचता येते?”

पत्र गेलं. मी परतीच्या गाडीत बसले. अर्ध्या वाटेपर्यंत मी सगळं ओळखून बसले होते: सरांनी लिहिलं असणार की मुलगी हुशार आहे. सेवाग्राम येईपर्यंत मला त्याची मुळीच खात्री उरली नव्हती.

पंधरा दिवसांनी मुलाखत झाली, दुपारी दीडला, बेडरूमचं दार लावून, कूलर बंद ठेवून. समोर तिघं होते. आराखड्यावरच्या प्रश्नांना मी सरळ उत्तरं दिली. ती मला येतच होती. मग मधल्या प्राध्यापक बाईंनी एक कागद उचलला.

“तुमच्या शिक्षकांनी लिहिलंय की हक्कसोड कशी अन्यायाची आहे यावर तुम्ही वर्गात एक तास भांडलात, आणि महिन्याभराने स्वतःच त्या कागदावर सही करून आलात. हे खरं आहे?”

ही गोष्ट मी जगात फक्त सरांना सांगितली होती. बाबा गेले त्या वर्षी. आराखड्यात मी ‘जिल्ह्यातील स्त्रिया’ असं लिहिलं होतं, जणू मी कुठून तरी लांबून त्यांच्याकडे बघतेय.

“खरं आहे,” मी म्हणाले.

“कोणी भाग पाडलं?”

“कोणीच नाही. माझ्या भावाने, सुमीतने, मला गाडीवर नेलं. वाटेत उसाचा रस पाजला. वहिनीने मोरपंखी साडी घेतली होती. अधिकाऱ्याने विचारलं, राजीखुशीने सही करताय ना? मी हो म्हणाले. मी तेव्हा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते. कायदा एवढंच विचारतो आणि फाइल बंद करतो. नाही म्हटलं असतं तर पुढच्या दिवाळीला मला कोण घ्यायला आलं असतं, हे तो विचारत नाही. मला ते विचारायचं आहे, माझ्यासारख्या दोनशे बायकांना.”

डावीकडचे प्राध्यापक लिहीत होते.

“पत्र तुम्ही वाचलंय?” बाईंनी विचारलं.

“नाही. त्यांनी मला बाहेर बसवलं होतं.”

त्या हसल्या. मग म्हणाल्या, “त्यांच्या नावाचं पहिलं पत्र आम्ही वाचता वाचताच विसरलो होतो. हे नाही.”

अकरा दिवसांनी जागा मिळाल्याचं पत्र आलं. अंकुशने ते मोठ्याने वाचलं, पगाराचा आकडा पुन्हा वाचला. सासूबाईंनी गुंजनला कडेवर घेतलं आणि जाहीर केलं, “मी येतो तीन महिने. लेकराले पाहाले. तिकडं तूर भेटते का इचारून ठेव.” मला भीती वाटत नाही असं नाही. गुंजनला तिकडची थंडी सोसेल का, तिथल्या जिन्याला कठडा असेल का, याची मी यादीच केलीय. पण तिथे जाऊन मी काय करणार हे मला पक्कं माहीत आहे.

सरांना सांगायला गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर फुलस्केप कागदांचा नवा गठ्ठा होता. आता कोणी पोरगं तयार पत्र घेऊन आलं की ते परत पाठवतात. “मी लिहीन. तू भायेर बस.” जिल्हाभर बातमी झाली आहे. रोज कोणी ना कोणी ओसरीवर बसलेलं असतं. सर सकाळी भिंग घेऊन बसतात ते उठतच नाहीत. शेजारच्या मेघाताई बारा वाजता डबा ठेवून जातात, आणि मी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते, डबा तसाच. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली आहे. “हे तीन पोरं झाले का जातो.” फोनही उचलत नाहीत.

ऑगस्टमध्ये मी निघतेय. म्हणून हे लिहिलं. तुम्ही नागपूर-वर्धा करत असाल आणि गाडी सिंदीला थांबली, तर एकदा उतरा. बाजाराच्या मागे झाडे सरांचं घर कोणीही दाखवेल. पत्र मागायला आलो असं सांगू नका, नाहीतर तुम्हालाही बाहेर बसवतील. सरळ आत जा, डबा उघडून बघा, आणि भरलेला असला तर ते जेवेपर्यंत समोर बसा. डोळ्याची तारीख विचारा. काय म्हणाले ते मला कळवाल का?