पोस्टरवरचा ठिपका

काळ्या पोस्टरवर एकच पांढरा ठिपका, आणि खाली ओळ: ‘बनावट गोळीतलं एवढंसं अमली फेंटानिल जीव घेतं.’

नर्सबाईंनी असं छापायला दिलं होतं. छापखानेवाले काका पाचशे प्रती घेऊन आले, तर ठिपका गायब.

“काका, ठिपका कुठाय?”

“तो डाग होय? मीच पुसला. आपलं काम कसं स्वच्छ!”

“अहो, तेच तर विष! उद्या कॉलेजात लावायचीत. पोरांना दाखवू काय, कप्पाळ?”

काका ओशाळले. “पण एवढासा तर होता. एवढ्याशानं काय होतंय?”

नर्सबाई थबकल्या. “पोरंही अगदी हेच म्हणतात. ठिपका परत घाला, आणि वर हेच वाक्य छापा.”

“छापतो. पण माझं नाव नको. चष्मा लावत नाही म्हणून घरी आधीच ऐकून घेतोय.”